त्यातून फक्त पाणी निघतं

तो पडदा हातात घेतला तर वह्यांना घालतो त्या प्लास्टिकच्या कव्हरसारखा लागतो, पण त्याहून पातळ. कोरडा असताना कुरकुरतो, पाण्यात टाकला की फुगतो आणि मऊ पडतो. फ्युएल सेल नावाच्या यंत्राचा सगळा जीव या पडद्यात असतो. पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला साधी हवा. हायड्रोजनच्या अणूतला प्रोटॉन तेवढा पडद्यातून पलीकडे झिरपतो. इलेक्ट्रॉनला तिथून वाट नसते, त्याला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि त्या वळशावरच आपले दिवे लागतात. पलीकडे गेल्यावर दोघं हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. वायूने मात्र वायू म्हणून पलीकडे जायचं नाही. पडद्याला भोक पडलं की तो जातो.

तळोज्याच्या एका लहान कंपनीत मी या पडद्यांचं काम करत असे. पडद्यांच्या चकत्या एकावर एक रचून, दाबून, त्यांचा संच बांधायचा आणि तो लोखंडी कपाटात बसवायचा. असं एक कपाट मी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर बसवून घेतलं होतं. गच्चीच्या खालच्या मजल्यावर मी आणि माझी बायको राहत होतो. त्या उन्हाळ्यात मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

भारनियमनाची ती वर्षं होती. नवीन पनवेलमधली आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता आणि टॉवरसाठी डिझेलचा जनरेटर. वीज गेली की तो सुरू व्हायचा आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर थरथरायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. लोक इतके वैतागले होते की टॉवरच काढून टाका, असा ठराव सोसायटीच्या बैठकीत आला. त्या बैठकीत मी उठून उभा राहिलो.

बैठक खाली पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. जनरेटरच्या जागी आमच्या कंपनीचं यंत्र बसवू, असं मी म्हणालो. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची आणि त्या सगळ्या इमारतीला अरे-तुरे करायच्या. त्यांनी चष्मा वर केला.

"हायड्रोजन म्हणजे तो फुग्यातला ना रे? जळतो तो?"

"जळतो, बाई. पण इथे तो..."

"मग बॉम्बच की हा. आमच्या डोक्यावर."

सगळे हसले. मीही हसलो.

"नाही हो बाई. धूर नाही, आवाज नाही. त्यातून फक्त पाणी निघतं."

"प्यायचं?" मागून कोणीतरी विचारलं.

"पिऊसुद्धा शकता."

"मग टँकरवाल्याला कळू देऊ नका, बिचारा रडेल."

ठराव बदलला. मला टाळ्यासुद्धा मिळाल्या. घरी आल्यावर बायकोने भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "अहो, खरंच काही भीती नाही ना?" मी जरा रागावूनच म्हणालो, "हेच माझं काम आहे गं." तिने पुन्हा विचारलं नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. पडदा धड असेल तर त्या यंत्रातून खरोखरच पाण्याची वाफ आणि उरलेली हवा एवढंच बाहेर येतं. पडदा धड नसेल तर काय बाहेर येतं, हे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

पावसाळा आणि थंडी चांगली गेली. वीज गेली की गच्चीवरून फक्त पंख्याची हलकी घूंऽऽ ऐकू यायची. लोक जिन्यात भेटले की थांबून बोलायचे. मग उन्हाळा आला, आणि मला पडद्याची काळजी वाटू लागली.

हा पडदा ओला राहिला तरच काम करतो आणि ओला राहिला तरच टिकतो. आमच्याकडे दुपारी वीज गेली की यंत्र सुरू व्हायचं आणि आतल्या आत तयार होणाऱ्या पाण्याने पडदा भिजून फुगायचा. वीज आली की यंत्र बंद. मग ते लोखंडी कपाट पनवेलच्या एप्रिलच्या उन्हात तापत पडायचं आणि पडदा सुकून आक्रसायचा. रोज भिजायचा, रोज सुकायचा. कापड असतं तरी विरलं असतं. तळोज्याच्या ऑफिसात बसून मला या यंत्राचे आकडे संगणकावर दिसत. एप्रिलच्या सुरुवातीलाच एका चकतीचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा खाली जायला लागलं. सुरू झाल्यावर थोडा वेळ ठीक, मग घसरण. असं कशाने होतं हे मला माहीत होतं. बारीक भोक. डोळ्याला दिसणारही नाही असं.

मी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत असायचा.

"नवा संच बांधायला घेतलाय ना? मग तोवर चालू दे."

"हायड्रोजन पलीकडे येत असणार, साहेब."

"किती?"

"थोडा."

"थोडा ना? पंखा आहे, झरोका आहे, उडून जाईल. हे बघ, मोबाइल कंपनीची माणसं बघायला येतायत. आत्ता टॉवर बंद पडला तर आपण संपलो."

उडून जाईल हे बरोबरच होतं. हायड्रोजन इतका हलका की वाट मिळाली तर क्षणात वर निघून जातो. कपाटाच्या बाजूला वरच्या अंगाला जाळीचा झरोका होता, तिथून ती दमट हवा बाहेर पडायची. शिवाय आत गॅस ओळखणारा सेन्सर होता, गॅस वाढला की भोंगा वाजवून यंत्र बंद करणारा. पण तो सेन्सर दमट हवेनेही उगाचच वाजायचा. दोनदा भरदुपारी भोंगा वाजला, इमारतीतलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं आणि टॉवरही बंद पडला. तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून मीच भोंग्याची तार सोडवली आणि यंत्र आपोआप बंद होण्याची सोयही काढून ठेवली. नवा संच येईपर्यंत, असं ठरलं. सेन्सरचा आकडा तेवढा संगणकावर दिसत राहिला.

तेव्हापासून मी नीट झोपलो नाही. लोकांची वीज गेली की त्यांना उकडायचं. माझी वीज गेली की माझे कान वर लागायचे. जेवताना हात थांबायचा. बायको म्हणायची, "काय ऐकताय?" मी म्हणायचो, "काही नाही, पंखा." रविवारी मी उगाचच गच्चीवर जाऊन यायचो, झरोक्यापुढे हात धरायचो. कोमट, ओलसर वारा हाताला लागायचा. हायड्रोजनला वास नसतो, रंग नसतो, त्याची ज्योतसुद्धा दिवसा दिसत नाही. तिथे हात धरून मला काय कळणार होतं? तरी जायचो.

बायकोला सांगावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर ती म्हणणार, बंद करा. आणि मी बंद करणार नव्हतो. म्हणून सांगत नव्हतो.

त्या दिवशी इमारतीतल्या बायकांचं वाळवण होतं. दरवर्षी एक दिवस ठरवून सगळ्या जणी मिळून साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया घालायच्या. सकाळी निघताना मी गच्चीवर डोकावलो तेव्हा प्लास्टिकचे कागद अंथरून झाले होते, कडेला विटा ठेवल्या होत्या आणि बायकोच्या हातात पापड्यांच्या चिकाचं पातेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पळीने पापड्या घालत होत्या. मी म्हणालो, "उन्हाचं जपा." मला म्हणायचं होतं, त्या कपाटाजवळ नका बसू. जमलं नाही.

दुपारी पनवेलची वीज गेल्याचं मला तळोज्यात संगणकावर कळलं. यंत्र सुरू झालं. ती चकती नेहमीप्रमाणे घसरली. मी जेवणाचा डबा उघडला, आणि बघतो तर सेन्सरचा आकडा वर चढत होता. आधी वाटलं, नेहमीसारखी दमट हवा. पण दमट हवेचा आकडा उडी मारतो आणि परत खाली येतो. हा खाली येत नव्हता. एखादी टाकी भरावी तसा शांतपणे वर जात होता. याचा अर्थ एकच होता. भोकातून येणारा वायू कपाटात साठत होता आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

हायड्रोजन हवेत थोडा मिसळला तरी पेट घेतो आणि त्याला ठिणगी अगदी बारीक पुरते. त्या कपाटात एक मोठा रिले, म्हणजे आपोआप पडणारा खटका, होता. वीज परत आली की तो ठिणगी उडवत खट्कन पडायचा आणि टॉवर परत विजेवर घ्यायचा. वीज परत कधीही येऊ शकत होती. कपाटाभोवती बायका बसल्या होत्या आणि त्यांत माझी बायको होती. इथे बसून मला आकडा दिसत होता, यंत्र बंद करता येत नव्हतं.

बायकोला फोन लावला. वाजत राहिला. तिचे हात चिकाने भरलेले असणार, फोन घरात असणार. पुन्हा लावला. मग बाईंच्या घरचा फोन लावला. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर जात नसत, हे मला ठाऊक होतं.

"हॅलो. कोण? अरे तू होय! या वेळेला?"

"बाई, गच्चीवर सगळ्यांना हाक मारून खाली बोलवा. लगेच."

"का रे? आत्ताच तर कुरडयांचा सोऱ्या वर नेलाय. काय झालं?"

काय झालं ते मला दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण फोनवर बाई होत्या. भर बैठकीत त्यांनी जे विचारलं होतं आणि मी जे हसून टाळलं होतं, तेच आता त्यांना सांगायचं होतं.

"पाऊस येतोय," मी म्हणालो.

"एप्रिलात?"

"वळवाचा. इकडे तळोज्याला भरून आलंय. त्यांना खाली बोलवा बाई, लगेच."

"बरं बरं, सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी मोटरसायकल काढली. कळंबोलीच्या चौकात ट्रेलरच्या रांगेत अडकलो असताना मला उमजलं मी काय केलं ते. वरती दिवसभराचं वाळवण मांडलेलं. पाऊस येतोय म्हटल्यावर कोणी खाली येतं का? खालचेही सगळे वर धावतात. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो. शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही, फक्त प्रत्येक दुकानाकडे बघत होतो ती भीती आठवते. कुठे दिवा लागलाय का? कुठे पंखा फिरतोय का? वीज आली का?

फाटकाशी गव्हाणची कोळीण टोपली घेऊन सावलीत बसली होती. आठवड्यातून दोनदा ती आमच्याकडे सुकी मासळी घेऊन येई.

"कुटं हाय वो तुमचा पाऊस?" ती हसत म्हणाली. "सगल्या इमारतीच्या बाया वर गेल्यान. त्या बाईसुदा जिना चढल्या. आमी आमचा बोंबील उगराच ठेवलाय, झाकला न्हाय, बघा!"

बाईसुद्धा.

मी जिने कसे चढलो सांगता येत नाही. गच्चीच्या दारात पोचलो तेव्हा तिथे जत्रा भरली होती. एरवी गच्चीवर न येणारी माणसंसुद्धा आली होती. प्लास्टिकचे कागद गुंडाळले जात होते, कोणी ओल्या पापड्या परातीत काढत होतं, कोणी हसत होतं. वर निळंभोर आकाश. बाई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर धापा टाकत बसल्या होत्या. बायको कपाटाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हातांत परात. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलात, ही धरा जरा."

मग मला झरोका दिसला. जाळीत जुन्या साड्यांचे बोळे कोंबले होते, अगदी गच्च, वरून चिंधीने बांधलेले.

"हे कोणी केलं?"

माझा आवाज ऐकून वहिनी पुढे आल्या. "मी केलं. का हो भाऊजी? त्या झरोक्यातून दमट वारा येत होता, पापड्या सुकेनात. तुम्हीच म्हणाला होतात ना, त्यातून फक्त पाणी निघतं? म्हटलं, तेवढंच दिवसभर अडवावं."

मी परात बायकोच्या हातून घेऊन खाली ठेवली. "सगळ्या खाली जा. सामान राहू दे. खाली, पार्किंगच्याही बाहेर."

"अहो पण पापड्या..."

"खाली जा म्हटलं ना!" मी इतक्या वर्षांत तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. ती घाबरली. सगळ्याच घाबरल्या. बाईंना दोघींनी दंडाला धरून उठवलं. जिन्यावर पायांचा आवाज सुरू झाला.

हायड्रोजनचे सिलिंडर कपाटाच्या पलीकडे पिंजऱ्यात होते. त्यांच्या झडपा मी बंद केल्या. झडप कोणत्या बाजूला फिरवायची हेच एक क्षण आठवेना. मग झरोक्याशी आलो. चिंधीची गाठ सुटेना. दातांनी ओढली. बोळे एकेक उपसले. आतून कोमट हवा तोंडावर आली. तिला काहीच वास नव्हता. त्या हवेत उभा राहून मी एकच ऐकत होतो, खट् असा आवाज येतोय का. शेवटचा बोळा काढला आणि पळालो. जिन्यात पाय घसरून गुडघा फुटला, ते खाली आल्यावर कळलं.

सगळे रस्त्यापलीकडे गुलमोहराखाली उभे होते. बायकोच्या हातांवर चीक वाळून पांढरा झाला होता. कोणीतरी बाईंना खुर्ची आणून दिली होती.

"अरे, पाऊस कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते..." मी सुरुवात केली आणि तेवढ्यात तळमजल्यावर कोणाचा तरी मिक्सर घर्र करून सुरू झाला. वीज आली होती.

मी खाली बसलो. डोकं दोन्ही हातांत घेऊन, रस्त्यात, सगळ्यांसमोर उकिडवा बसलो. विचार करून नाही, शरीरच बसलं. मिक्सर चालू राहिला. तळमजल्यावरचे आजोबा जाऊन त्याचं बटण बंद करून आले. वर काही झालं नाही. मी डोकं वर केलं तर सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मी सांगितलं. पडदा, भोक, भोंग्याची तार, पावसाचं खोटं, सगळं. उकिडव्यानेच सांगितलं, उभं राहवेना. रिले कुठे असतो आणि तो पडल्यावर काय झालं असतं हेही सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या त्या साड्यांमुळे?"

माझ्या तोंडाशी "हो" आलं होतं. ते सोपं होतं, आणि त्यांनी ते मानलंही असतं. "नाही, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हाला मी जेवढं सांगितलं तेवढ्यावर तुम्ही बरोबरच केलंत."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. त्यांची धाप अजून गेली नव्हती, आणि त्या माझ्यामुळेच जिना चढल्या होत्या.

बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"आणि मी रोज तिथे कपडे वाळत घालत होते."

"हो."

तिने इमारतीकडे पाहिलं. वर आमच्या खिडकीचा पडदा उडत होता. आत पंखा सुरू झाला असणार. घरं उघडी होती, गॅसवर कोणाची तरी डाळ चढवलेली होती, तान्ह्या मुलाची आई दूध आणायला वर जायचं म्हणत होती. सगळ्यांना घरी जायचं होतं. मला विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नव्हतं. बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या त्यापेक्षा जास्त विश्वासाने ती माणसं तेव्हा माझ्याकडे बघत होती, आणि तीच नजर मला सगळ्यात भयंकर वाटली.

"आता वर गेलं तर चालेल का?" बायकोने विचारलं.

गॅस उडून गेला असेल असं माझं गणित सांगत होतं. झडपा बंद केल्या होत्या, बोळे काढले होते. नीट बंद केल्या होत्या का? सगळे बोळे निघाले होते का? एखादा आत पडला असेल तर?

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं, "कोणी जायचं नाही अजून." मग ती बाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि नखांनी हातांवरचा वाळलेला चीक खरवडत राहिली. ऊन कलेपर्यंत आम्ही सगळे तिथेच बसून होतो.